कॉम्प्युटर नसताना औषधं स्क्रीन करणारा माणूस: पॉल एर्लिख

मलेरियावरचं नवं औषध शोधायचं काम आज अनेकदा लॅपटॉपवर सुरू होतं. सॉफ्टवेअरला मलेरियाच्या परजीवीतल्या एखाद्या प्रोटीनचा थ्रीडी नकाशा द्यायचा, सोबत लाखो रेणूंची यादी द्यायची आणि सांगायचं, यातला कोणता रेणू त्या प्रोटीनच्या खाचेत नीट बसतो ते शोध. सॉफ्टवेअर एकेक रेणू फिरवून बघतं, प्रत्येकाला मार्क देतं आणि शेवटी मेरिट लिस्ट लावतं. याला व्हर्च्युअल स्क्रीनिंग म्हणतात.

टेक्नॉलॉजी नवी आहे, पण तिच्यामागचा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. तो मांडणारा जर्मन डॉक्टर १९१५ मध्ये गेला. त्याने कॉम्प्युटर पाहिला नाही. दिवसाला पंचवीसेक सिगार ओढत, रंगीत कार्डांवर सहकाऱ्यांसाठी रोजची कामं लिहीत त्याने हेच सगळं हाताने केलं. गंमत म्हणजे त्याने माणसावर एक सुरुवातीचा प्रयोग केला तो मलेरियावरच, आणि तो यशस्वीही झाला. तरी त्याला मलेरिया सोडून द्यावा लागला. का सोडावा लागला, हे कळलं की आजचं सॉफ्टवेअर कुठपर्यंत नेऊ शकतं आणि कुठे थांबतं, तेही कळतं.

रंगांचं वेड

पॉल एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४ चा, स्ट्रेलेन या गावातला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. पॉल दोन वर्षांचा असताना, म्हणजे १८५६ मध्ये, लंडनला एक घटना घडली. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुट्टीत घरच्या छोट्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायचा प्रयत्न करत होता. क्विनीन म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडचं कडूजहर कोयनेल. तेव्हा मलेरियावर हेच एक भरवशाचं औषध होतं आणि ते सिंकोना झाडाच्या सालीतून काढावं लागे. पर्किनला क्विनीन जमलं नाही. भांड्यात काळपट गाळ उरला. त्या गाळातून मात्र सुंदर जांभळा रंग निघाला. त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला आणि पुढच्या वीस वर्षांत जर्मनीत रंगांचे मोठमोठे कारखाने निघाले.

पॉलचा आईकडच्या नात्यातला कार्ल वायगर्ट हे रंग कापडाऐवजी शरीराच्या पेशींवर वापरायचा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली त्या उठून दिसतील. पॉलला तो नाद लागला. मेडिकलला असताना इतर मुलं पाठांतर करत, हा तासन्‌तास पेशी रंगवत बसे. टेबल आणि हात कायम रंगलेले. १८७८ मध्ये लाइपझिगला त्याने डॉक्टरेट केली तीही पेशी रंगवण्यावरच.

पण त्याला नुसते सुंदर फोटो नको होते. त्याला एक प्रश्न छळत होता. एकच रंग एका पेशीला चढतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, असं का? त्याचं उत्तर असं होतं, की त्या पेशीत असं काहीतरी आहे ज्याला हा रंग रासायनिकदृष्ट्या चिकटतो. दुसऱ्या पेशीत ते नाही. आज हे वाक्य साधं वाटतं, पण त्याचं पुढचं सगळं आयुष्य या एका वाक्यावर उभं आहे.

निळा रंग आणि बर्लिनचे दोन पेशंट

शिक्षण झाल्यावर तो बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये लागला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. एर्लिखने लगेच तो जंतू रंगवायची अधिक चांगली पद्धत काढली. आज टीबीसाठी थुंकीची तपासणी करतात ती त्याच वळणाची आहे. पुढे त्याला स्वतःच्याच थुंकीत तो जंतू सापडला. १८८८ मध्ये तो बायको हेडविगला घेऊन हवापालटासाठी इजिप्तला गेला आणि बरा होऊन परतला. परतला तेव्हा हातात नोकरी नव्हती. कॉखने त्याला आपल्याकडे जागा दिली.

त्याआधी त्याने एक प्रयोग केला होता. मेथिलिन ब्लू नावाचा निळा रंग त्याने जिवंत प्राण्याला टोचला. घरात फिशटँक असेल तर हे नाव तुम्हाला माहीत असेल, माशांच्या औषधाची निळी बाटली म्हणजे तेच. तर हा रंग प्राण्याच्या मज्जातंतूंना चढला, आजूबाजूच्या बहुतेक भागाला नाही. म्हणजे शरीराच्या आतही रंग आपलं गिऱ्हाईक बरोबर हुडकतो.

मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये फ्रेंच डॉक्टर लाव्हरान याने अल्जीरियात शोधला होता. हा परजीवी मेथिलिन ब्लूने छान निळा होतो, हेही माहीत झालं होतं. एर्लिखने दोन्ही गोष्टी जोडल्या. रंग परजीवीला चिकटतो, तर कदाचित त्याला मारूही शकेल. १८९१ मध्ये त्याने आणि पॉल गुटमान या डॉक्टरने बर्लिनमध्ये मलेरियाच्या दोन पेशंटना मेथिलिन ब्लू दिलं. ताप उतरला, रक्तातले परजीवी नाहीसे झाले. कारखान्यात बनलेला कृत्रिम रेणू देऊन माणसाचा संसर्गजन्य आजार बरा करायचा हा पहिलाच प्रयोग मानला जातो. क्विनीन बनवायच्या फसलेल्या प्रयत्नातून रंगांचा धंदा निघाला होता आणि पस्तीस वर्षांनी एक रंग मलेरियाकडे परत आला होता.

मलेरिया का सोडला?

मेथिलिन ब्लू चाललं, पण क्विनीनइतकं जोरदार नव्हतं. आता उघड पुढची पायरी होती ती म्हणजे या रेणूत थोडा बदल करून शंभर भावंडं बनवायची आणि त्यातलं सगळ्यात चांगलं निवडायचं. बनवणारे केमिस्ट होते, कारखाने होते. अडलं ते एकाच गोष्टीवर: ती शंभर भावंडं तपासायची कुणावर?

माणसाचा मलेरिया उंदराला होत नाही. परजीवी काचेच्या भांड्यात वाढवायची पद्धतही तेव्हा नव्हती. उरतो पेशंट, आणि पेशंटवर शंभर अनोळखी रसायनं वापरून बघता येत नाहीत. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहिणारे तयार होते, पण टेस्ट करायला मशीनच नव्हतं. मग तो दुसऱ्या परजीवीकडे वळला. आफ्रिकेत झोपेचा आजार पसरवणारे ट्रिपॅनोसोम उंदरात वाढतात, हे फ्रेंच संशोधकांनी १९०२ मध्ये दाखवलं. उंदीर म्हणजे चाचणीचं यंत्र मिळालं. १९०४ मध्ये त्याने आणि त्याचा जपानी सहकारी शिगा याने रंगांची रांग लावून तपासली आणि ट्रिपान रेड हा लाल रंग संसर्ग झालेल्या उंदरांना वाचवतो असं दाखवलं.

मधल्या काळात त्याने घटसर्पावरच्या सीरमची ताकद मोजायचं प्रमाण ठरवून दिलं. त्यामुळे कोणत्याही बाटलीतलं सीरम किती कामाचं, हे आकड्यात सांगता येऊ लागलं. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्याला रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफबरोबर विभागून मिळालं. मोजता येत नाही ते सुधारता येत नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

गोळी, दोन्ही अर्थांनी

१९०६ मध्ये फ्रांझिस्का श्पायर या विधवा बाईंनी दिलेल्या देणगीतून फ्रँकफर्टला त्याच्यासाठी खास संस्था उभी राहिली: गेऑर्ग श्पायर हाउस. काम एकच, रसायनांतून औषध शोधणं. इथे त्याची कल्पना पूर्ण आकाराला आली. औषध चिकटलं नाही तर काम करत नाही. परजीवीवर चिकटण्याच्या ठरावीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणू. एमिल फिशरने १८९४ मध्ये एन्झाइमसाठी कुलूप आणि किल्लीची उपमा दिली होती, तीच इथे लागू झाली.

या कल्पनेला त्याने नाव दिलं जादूची गोळी. जर्मनमध्ये त्याला बंदुकीची गोळी अभिप्रेत होती, जी फक्त शत्रूलाच लागते. आपल्या मराठीत तर बंदुकीचीही गोळी आणि औषधाचीही गोळीच, त्यामुळे हा श्लेष आपल्याला फुकटात मिळाला आहे.

पण एर्लिखला पक्कं माहीत होतं, की परजीवीला चिकटणं ही अर्धीच परीक्षा आहे. तोच रेणू माणसाच्या पेशींनाही चिकटला तर ते औषध नाही, विष आहे. म्हणून प्रत्येक संयुगाचे दोन आकडे काढायचे: प्राणी बरा होतो तो डोस आणि प्राणी सहन करू शकतो तो डोस. दोघांत जितकं अंतर जास्त तितकं औषध चांगलं.

तिसरी गोष्ट त्याच्या प्रयोगशाळेत १९०७ च्या सुमारास कळली. औषधाचा कमी डोस देत राहिलं तर काही परजीवी त्याला दाद देईनासे होतात. एर्लिखने अंदाज बांधला, की परजीवीवरची चिकटण्याची जागाच बदलली असणार. कुलूप बदललं, जुनी किल्ली लागत नाही. हा अंदाज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

६०६ नंबरचा फेल विद्यार्थी

आता अॅटॉक्सिल नावाचं आर्सेनिकचं एक संयुग समोर होतं. झोपेच्या आजारावर ते चालायचं, पण काही पेशंट त्याने आंधळे झाले. एर्लिख आणि केमिस्ट आल्फ्रेड बेर्थहाइमने शोधलं, की या रेणूची रचना सगळे समजतात तशी नाही. खऱ्या रचनेत बदल करायला मोकळी जागा आहे. मग बेर्थहाइमने एकामागून एक भावंडं बनवायला घेतली. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची नोंद.

त्यात १९०७ मध्ये ६०६ नंबरचं संयुग बनलं. एका सहायकाने ते तपासलं, कुचकामी ठरवलं आणि ते कपाटात गेलं. १९०९ मध्ये टोकियोहून सहाचिरो हाता हा तरुण आला. सशांना सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा, संसर्ग करायची पद्धत त्याला येत होती. एर्लिखने त्याला जुनी संयुगं, अगदी नापास झालेलीही, पुन्हा तपासायला सांगितली. ६०६ दिल्यावर ससे बरे झाले. औषध दोन वर्षं कपाटातच पडलेलं होतं.

स्क्रीनिंग करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट घोकून ठेवावी अशी आहे. चाळणीतून दोन प्रकारे चुका होतात. वाईट संयुग पास होतं ती एक चूक. ती पुढच्या परीक्षेत पकडली जाते. चांगलं संयुग नापास होतं ती दुसरी, आणि ती सहसा कधीच पकडली जात नाही, कारण नापासांकडे कुणी परत बघत नाही. एर्लिखने बघितलं, कारण नोंदी नीट होत्या, बाटल्या जपून ठेवलेल्या होत्या आणि टेस्ट बदलली होती.

यशाचा मनस्ताप

१९१० मध्ये ६०६ जाहीर झालं आणि साल्व्हरसान या नावाने बाजारात आलं. त्याआधी सुमारे ६५,००० डोस डॉक्टरांना फुकट वाटले होते, बदल्यात फक्त पेशंटचं काय झालं ते कळवायचं. तोपर्यंत या रोगावर पारा देत. जगभरातून मागणी आली.

पण हे औषध वापरायला किचकट होतं. हवा लागली की बिघडे, म्हणून काचेच्या सीलबंद कुपीत येई. डॉक्टरने ते नीट विरघळवून, आम्लता मोडून टोचायचं. हलगर्जी झाली की पेशंटला त्रास. काही पेशंट दगावले. मग आरोपही आले: हा पेशंटवर प्रयोग करतो, पैसे कमावतो. त्यात त्याच्या ज्यू असण्यावरूनही विखार ओकला गेला. एर्लिख वाईट परिणामांच्या बातम्यांची एकेक चौकशी करत राहिला आणि १९१२ मध्ये वापरायला सोपं निओसाल्व्हरसान, नंबर ९१४, आणलं. १९१४ मध्ये फ्रँकफर्टला या औषधावरून बदनामीचा खटला झाला, त्यात त्याला साक्षीला उभं राहावं लागलं. आरोप करणाऱ्याला शिक्षा झाली, पण एर्लिख थकला होता. २० ऑगस्ट १९१५ रोजी, ६१ व्या वर्षी, तो गेला. पुढे नाझींनी फ्रँकफर्टमधल्या रस्त्याला दिलेलं त्याचं नाव काढून टाकलं आणि हेडविगला देश सोडावा लागला. युद्धानंतर मात्र जर्मनीने त्याचा चेहरा २०० मार्कांच्या नोटेवर छापला.

निळ्या रंगाची नातवंडं

एर्लिखकडे काम केलेला विल्हेल्म रोल पुढे बायर कंपनीत गेला. पक्ष्यांना होणाऱ्या मलेरियावर, म्हणजे कॅनरी पक्ष्यांवर, त्याने औषधांची चाचणी बसवली. एर्लिखला जे यंत्र हवं होतं ते असं मिळालं. केमिस्टनी मेथिलिन ब्लूच्या रेणूला वेगळी शेपटी जोडली, ती शेपटी क्विनीनसारख्या सांगाड्यावर लावली आणि १९२० च्या दशकात पॅमाक्विन बनलं. त्याचं सुधारलेलं भावंडं म्हणजे प्रायमाक्विन. आज आपल्याकडे व्हायव्हॅक्स मलेरिया झाला की क्लोरोक्विनबरोबर १४ दिवस हीच गोळी देतात. लिव्हरमध्ये लपून बसलेला परजीवी ती मारते, म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स मध्येच सोडायचा नसतो.

क्लोरोक्विनची गोष्ट तर ६०६ चीच पुनरावृत्ती. १९३४ मध्ये बायरमध्ये हान्स आंडरझागने ते बनवलं, फार विषारी म्हणून ते बाजूला ठेवलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासल्यावर कळलं की हे तर उत्तम औषध आहे.

मलेरियाचा परजीवी भांड्यात वाढवणं १९७६ मध्ये जमलं. ट्रेगर आणि जेन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी माणसाच्या रक्तपेशी एका बंद बरणीत ठेवल्या आणि ऑक्सिजन कमी करायला बरणीत चक्क मेणबत्ती लावली. त्यानंतर रोबोटने हजारो संयुगं तपासणं शक्य झालं. २०१० मध्ये एका मोठ्या औषध कंपनीने सुमारे २० लाख संयुगं अशी तपासून, परजीवीची वाढ रोखणारी १३,५३३ संयुगं सगळ्यांसाठी खुली केली.

तेच काम लॅपटॉपवर

आता सुरुवातीच्या सॉफ्टवेअरकडे येऊ. या पद्धतीला डॉकिंग म्हणतात. डॉक नावाचा यातला पहिला प्रोग्रॅम १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. एर्लिखचा रिसेप्टर म्हणजे प्रोटीनची खाच. त्याची नंबर दिलेली संयुगं म्हणजे डेटाबेस. रेणू खाचेत किती घट्ट बसतो याचा ऊर्जेतला अंदाज म्हणजे मार्क.

आणि बदललेल्या कुलपाचा तो अंदाज? पायरिमेथामिन हे मलेरियाचं जुनं औषध परजीवीच्या डीएचएफआर या एन्झाइमच्या खाचेत बसतं. ते बंद पडलं की परजीवीला डीएनए बनवता येत नाही. हळूहळू औषध चालेनासं झालं. २००३ मध्ये थायलंडच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर या एन्झाइमचा थ्रीडी नकाशा काढला आणि कारण डोळ्यांनी दिसलं. १०८ व्या जागेवर सेरीनऐवजी जरा मोठं अॅस्परॅजीन आलं होतं आणि औषधातला क्लोरीनचा अणू त्याला धडकत होता. मग त्या टीमने वळणारी, लवचिक रचना असलेला, धडक टाळणारा रेणू डिझाइन केला. त्याचं नाव पी२१८. तो माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचला.

ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू २००५ ची. युरोपात विस्डम नावाच्या प्रकल्पात अनेक देशांतले कॉम्प्युटर जोडून प्लाझ्मेप्सिन या परजीवीच्या एन्झाइमवर सुमारे सहा आठवड्यांत चार कोटींहून जास्त डॉकिंग केले. एका कॉम्प्युटरला त्याला ८० वर्षं लागली असती. निवडलेल्या काही रेणूंनी टेस्ट ट्यूबमध्ये ते एन्झाइम खरंच अडवलं. पण जनुकीय प्रयोगांतून दिसलं, की अन्न पचवणारी ही प्लाझ्मेप्सिन काढून टाकली तरी परजीवी जगतो, त्याच्याकडे दुसरे मार्ग आहेत. किल्ली बरोबर बसत होती. फक्त त्या कुलपाने घरच बंद होत नव्हतं.

म्हणजे सॉफ्टवेअर सांगतं चिकटेल का. तेही अंदाजानेच, कारण खरं प्रोटीन हलतं, आजूबाजूला पाणी असतं. परजीवी मरेल का, माणसाला सोसेल का, आणि त्या यादीत खाली गेलेल्यांत एखादं ६०६ लपलंय का, हे ते सांगत नाही. एर्लिखचे दोन आकडे आजही प्रयोगशाळेत आणि पेशंटच्या खाटेजवळच निघतात. लाखो रेणूंतून तपासण्यासारखे काहीशे निवडून देणं, हा कॉम्प्युटरचा खरा उपयोग, आणि तो मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यात बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. आर्टेमिसिनिन या आजच्या मुख्य औषधालाही दाद न देणारे परजीवी आग्नेय आशियात आणि आता पूर्व आफ्रिकेत सापडले आहेत. कुलपं बदलतायत, म्हणजे किल्ल्या शोधायचा वेगही वाढवावा लागणार.

मेथिलिन ब्लूही अजून संपलेलं नाही. डासांमार्फत पसरणारी परजीवीची अवस्था ते झपाट्याने मारतं, म्हणून या शतकात बुर्किना फासो आणि मालीमध्ये त्याच्या पुन्हा चाचण्या झाल्या. एक अडचण १८९१ पासून तशीच आहे: लघवी निळी होते.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये प्रोटीन डेटा बँक उघडा आणि मलेरियाच्या परजीवीचं डीएचएफआर शोधा. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. बोटाने ते प्रोटीन फिरवा, मधली खाच आणि त्यात बसलेला रेणू दिसेल. एर्लिख आयुष्यभर याच जागेबद्दल बोलत होता, आणि ती त्याला एकदाही दिसली नव्हती.